पोलीस मालिकांची धून आणि बेळगाव-निपाणीचा प्रेक्षक

पोलीस मालिकेचे शीर्षकसंगीत बहुधा शब्दांवाचून असते. कौटुंबिक मराठी मालिकेला शीर्षकगीत लागते. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर आलेल्या ‘आभाळमाया’चे गीत मंगेश कुळकर्णी यांचे, संगीत अशोक पत्की यांचे आणि आवाज देवकी पंडित यांचा, हे आजही प्रेक्षक न अडखळता सांगतात. पोलीस मालिकेच्या बाबतीत असे होत नाही. तिची सुरुवात गाण्याने नाही, धुनेने होते. ती अर्ध्याएक मिनिटाची असते, तिच्यात ठेका पुढे आणि सुरावट मागे असते, आणि ती कोणी बांधली हे बहुतेकांना ठाऊक नसते. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात या फरकाला आणखी एक अर्थ होता. तिथे टीव्हीवर काय दिसणार हे बराच काळ भाषेच्या हिशेबाने ठरत होते, आणि शब्द नसलेली धून मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांत सारखीच पोचत होती.

या धुनेचा उगम अमेरिकेतल्या रेडिओत आहे. ‘ड्रॅगनेट’ ही लॉस एंजेलिसच्या पोलीस तपासावरची मालिका १९४९ मध्ये रेडिओवर आणि १९५१ मध्ये टीव्हीवर आली. तिची सुरुवात चार ठसठशीत सुरांनी होत असे. संगीतकार वॉल्टर शूमन यांच्या नावावर असलेले हे सूर मिक्लोश रोझा यांच्या ‘द किलर्स’ या १९४६ च्या चित्रपटाच्या संगीतातून आले आहेत, असा वाद निघाला आणि अखेर श्रेय दोघांत वाटले गेले. शीर्षकधुनेच्या मालकीचा हा एक गाजलेला तंटा. चार सुरांना कोर्टकचेरी करण्याइतकी किंमत आली होती, याचे कारण रेडिओच्या स्वभावात आहे. रेडिओवर चित्र नाही. कार्यक्रम सुरू झाला हे शेजारच्या खोलीतल्या माणसाला कळवायचे तर खूण कानालाच द्यावी लागते. टीव्हीने ही सवय जशीच्या तशी उचलली, कारण टीव्ही चालू असला तरी माणसे त्याच्यासमोर बसलेलीच असतात असे नाही.

पुढच्या तीसेक वर्षांत या धुनेची बरीच रूपे झाली. हेन्री मॅन्सिनी यांनी १९५८ मध्ये ‘पीटर गन’ या खासगी गुप्तहेराच्या मालिकेसाठी जाझचा ठेका वापरला. गिटार आणि पियानो एकच घोळवलेला तुकडा वाजवत राहतात आणि त्याच्यावर पितळी वाद्ये कोसळतात, अशी ती रचना आहे. तिच्या ध्वनिमुद्रिकेला ‘अल्बम ऑफ द इयर’चे पहिलेवहिले ग्रॅमी मिळाले. बीबीसीच्या ‘झी कार्स’ने १९६२ मध्ये उलट दिशा धरली. लिव्हरपूल परिसरातले एक लोकगीत बासरी-ढोलाच्या पथकाच्या ढंगात वाजवले गेले आणि ते पुढे एव्हर्टन फुटबॉल क्लबची धून होऊन बसले. मॉर्टन स्टीव्हन्स यांची १९६८ ची ‘हवाई फाइव्ह-ओ’ म्हणजे ढोल आणि ट्रम्पेट यांची थेट चढाई. माइक पोस्ट यांनी १९८१ मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’साठी हळुवार पियानो आणला, तेव्हा पोलिसाच्या थकव्यालाही धून मिळाली. यान हॅमर यांची ‘मायामी व्हाइस’ची सिंथेसायझरवरची धून तर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

एवढी विविधता असली तरी या धुनांचा सांगाडा फारसा बदलत नाही. खालच्या पट्टीत एक लहान तुकडा अखंड घोळत राहतो, तो पाठलागाचा भास देतो. वर पितळी वाद्यांचे तुटक फटकारे येतात. कोमल गंधाराची सावली सुरावटीवर असते, आणि लागून असलेले दोन स्वर घासले की धोक्याची जाणीव होते. साइड ड्रमचा कडकडाट लष्करी बँडातून आलेला असतो. शेवट मात्र अर्धवट सोडतात, कारण धून संपताक्षणी गुन्हा घडायचा असतो.

हे सारे मुंबईला नवे नव्हते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवणारे आणि त्यांची मांडणी लिहिणारे पुष्कळजण गोव्याचे होते. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली मोठी नावे. चर्चमध्ये स्वरलिपी शिकून, हॉटेलांत जाझ वाजवून ही मंडळी स्टुडिओत पोचली होती. कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’ची १९७८ ची सुरुवातीची धून ऐकली की गुन्ह्याच्या गोष्टीला लागणारा सगळा ऐवज मुंबईत तयार होता, हे लक्षात येते. दूरदर्शनला तो परवडत नव्हता. पन्नास वादकांचा ताफा सिनेमाला जमे, तेरा भागांच्या मालिकेला नाही. म्हणून १९८० च्या दशकात सिंथेसायझर आणि इलेक्ट्रॉनिक तालयंत्राने जागा घेतली, आणि एक-दोन माणसांनी मोठ्या वृंदाचा आव आणला. तयार ध्वनिमुद्रिकेवरचा तुकडा उचलून शीर्षकाखाली लावण्याची पद्धतही होतीच. आज त्या काळच्या धुना थोड्या पत्र्यासारख्या वाजतात, तो वादकांचा दोष नाही. खर्चाची मर्यादा तशी होती.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात टीव्ही पोचण्याची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. टीव्ही येण्याआधीच या भागाचे कान दोन राज्यांत वाटले गेले होते. १९५० मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे धारवाड केंद्र एका बाजूला आणि १९६३ चे सांगली केंद्र दुसऱ्या बाजूला. रेडिओची मध्यम लहर दूर जाते, म्हणून बेळगावच्या घरात सुई थोडी फिरवली की कन्नड आणि आणखी थोडी फिरवली की मराठी, अशी सोय होती. टीव्हीचे तसे नाही. त्याची लहर साधारण नजरेच्या टप्प्यात चालते. मध्ये डोंगर आला की अडते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागले, पण तिथून बेळगाव फार लांब. ‘चिमणराव’ ही सत्तरच्या दशकातली गाजलेली मराठी मालिका सीमाभागाने बव्हंशी वर्तमानपत्रांतून ‘वाचली’. यात थोडी गंमत अशी, की भारतीय टीव्हीच्या पायाभरणीत असलेले पु. ल. देशपांडे हे त्याआधी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेले होते.

कर्नाटकात टीव्ही उत्तरेच्या बाजूनेच आधी आला. १९७५-७६ च्या उपग्रह-शिक्षण प्रयोगात रायचूर, गुलबर्गा आणि विजापूर या जिल्ह्यांतली खेडी होती आणि १९७७ मध्ये गुलबर्ग्याला प्रक्षेपण केंद्र झाले. बंगळूरचे केंद्र १९८१ चे. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचा सपाटा लागला. असा शंभर वॅटचा प्रक्षेपक एका शहराला आणि त्याच्या आसपासच्या गावांना पुरतो, त्यापलीकडे चित्रात मुंग्या येतात. कर्नाटकातले प्रक्षेपक राष्ट्रीय कार्यक्रमाखेरीज प्रादेशिक वेळेत बंगळूरचा कन्नड कार्यक्रम दाखवीत, महाराष्ट्रातले मुंबईचा मराठी कार्यक्रम. १९५६ मध्ये नकाशावर ओढलेली रेघ अशी तीस वर्षांनी अँटेनावर येऊन बसली. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्यांतल्या मराठी घराला संध्याकाळी हिंदी आणि कन्नड मिळे. मराठीसाठी गच्चीवर चढून उंच खांब रोवणे, बूस्टर लावणे आणि अँटेनाचे तोंड उत्तरेला वळवणे हाच उपाय होता. निपाणीहून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटरवर आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या त्या मोकळ्या मुलखात असा प्रयत्न करण्यात अर्थ तरी होता. बेळगाव-खानापूरच्या बाजूला, जिथे सह्याद्रीच्या रांगा सुरू होतात, तिथे तोही कमीच.

नेमक्या याच काळात मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ आली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली ही मालिका मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासकथांवर बेतलेली होती. शंभर हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक तिच्या नावात होता. दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून दूरदर्शनच्या वृत्तविभागात कॅमेरा चालवलेले. बातमीचा कॅमेरा खांद्यावर असतो, तो प्रकाशयोजनेची वाट पाहत नाही, आणि घटना संपायच्या आत पोचतो. हा स्वभाव मालिकेत उतरला. चौकी, फायली, चहा, पंचनामा, खबऱ्या यांना तिने नायकाइतकेच महत्त्व दिले. शिवाजी साटम यांचा पोलीस अधिकारी मराठी प्रेक्षकाने प्रथम इथे ओळखला. बँकेत नोकरी आणि रंगभूमीवर काम अशी दुहेरी वाट चाललेला हा नट वर्दीत खोटा वाटला नाही, हे या मालिकेचे मोठे बळ.

त्यापाठोपाठ १९९० च्या सुमारास रमेश भाटकर यांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आली. हा इन्स्पेक्टर देखणा, चपळ आणि काहीसा नाटकी होता. ‘एक शून्य शून्य’ची धूळ त्याच्या बुटांना लागलेली नव्हती. पुढे हिंदीत ‘कमांडर’मध्ये हेच भाटकर देशभर पोचले. ते संगीतकार वासुदेव भाटकर, म्हणजे स्नेहल भाटकर यांचे चिरंजीव. एका पिढीने सुरांत नाव मिळवले आणि दुसरी पिढी ज्या मालिकांमुळे ओळखली गेली, त्यांच्या धुना बांधणाऱ्यांची नावे मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

सीमाभागातल्या मराठी माणसाने या मालिका पाहिल्या त्या तुटकपणे. कोणी कोल्हापूर-इचलकरंजीच्या नातलगांकडे, कोणी पुण्या-मुंबईच्या मुक्कामात, कोणी मुंग्या आलेल्या पडद्यावर. अशा पडद्यावर चित्र गेले तरी आवाज बऱ्याचदा टिकतो, आणि मग मालिका पाहण्यापेक्षा ऐकली जाते. शीर्षकधून इथे पुन्हा रेडिओच्या कामाला लागली.

या प्रेक्षकाचे पोलिसांशी असलेले नाते मुंबईच्या प्रेक्षकासारखे नव्हते, हा मुद्दा सहसा नजरेआड राहतो. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. मुंबई राज्याचा १९५१ चा पोलीस कायदा जसा पुण्या-नाशिकला लागू होता तसाच बेळगावलाही. राज्यपुनर्रचनेनंतर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९६३ च्या म्हैसूर पोलीस कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. ठाण्याची इमारत तीच राहिली. पाटीची भाषा बदलली, फिर्यादीची भाषा बदलली, आणि शिपायाच्या डोक्यावर एका बाजूने दुमडलेली रुंद कडांची टोपी आली. कर्नाटकच्या हवालदाराची ओळख असलेली ही टोपी २०२५ मध्ये बदलून निळी, पुढे झापड असलेली टोपी देण्याचे ठरले. ‘एक शून्य शून्य’मधला हवालदार मराठीत बोलत होता, मराठीत दम देत होता आणि मराठीत जबानी लिहून घेत होता. बेळगावच्या मराठी माणसाला हे दृश्य मुंबईकराला वाटावे तितके साधे नव्हते.

शिवाय ते दशक गोळीबारांचे होते. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले. हे आंदोलन ६ एप्रिलला पोलिसी कारवाईने मोडले गेले, तेव्हा गोळीबारात शेतकरी बळी पडले. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनात बेळगाव परिसरात गोळीबार झाला. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याचे आहे. म्हणजे रस्त्यावरचा पोलीस लाठी-बंदुकीचा आणि पडद्यावरचा पोलीस गरिबाची तक्रार ऐकून घेणारा, अशी दोन चित्रे एकाच घरात शेजारी-शेजारी होती. पोलीस मालिकांवर लिहिणारे त्यांना पोलिसांची जाहिरात म्हणून सहज निकालात काढतात. सीमाभागापुरते तरी ते खरे नाही. प्रेक्षकाला दोन्ही पोलीस माहीत होते आणि तो त्यांची गल्लत करत नव्हता.

खऱ्या पोलिसांचे संगीत अगदी निराळे आहे, हेही इथेच नोंदवायला हवे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. कँपाच्या परिसरात बिगुल, पाइप आणि साइड ड्रम अनेक पिढ्यांच्या कानावर आहेत. दर २१ ऑक्टोबरला पोलीस हुतात्मा दिनी कवायतीच्या मैदानावर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, संथ आणि एकटी. कर्नाटक पोलिसांकडे तर म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडाचा वारसा आहे. त्यांचे पाश्चात्य आणि कर्नाटकी अशा दोन्ही पद्धतींचे वाद्यवृंद दसऱ्याला वाजतात. मालिकेच्या धुनेने या परंपरेतून फक्त ड्रमचा कडकडाट घेतला आणि बाकीचे सोडून दिले. कवायतीचे संगीत शिस्त दाखवते, मालिकेचे संगीत घाई.

राष्ट्रीय कार्यक्रमातल्या हिंदी मालिकांनी सीमाभागाची अडचण परस्पर सोडवली. त्या बेळगावात आणि कोल्हापुरात एकाच वेळी दिसत. पंकज पराशर यांची ‘करमचंद’ १९८५ ची. गाजर खाणारा पंकज कपूर यांचा गुप्तहेर आणि त्याची सहायक किटी यांनी तपासाची चेष्टा करत तपास रुजवला. ‘उडान’ १९८९ मध्ये आली. कविता चौधरी यांनी ती आपली बहीण कांचन चौधरी-भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात कामही केले. कांचन या १९७३ च्या तुकडीच्या पोलीस अधिकारी, पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. वर्दीतली बाई ही गोष्ट त्या काळी निपाणीसारख्या गावात पाहायला मिळणे दुर्मीळ होते. ही मालिका पोलीस ठाण्यापेक्षा घराची अधिक आहे, आणि कदाचित म्हणूनच ती टिकली.

बासू चटर्जी यांच्या १९९३ च्या ‘ब्योमकेश बक्षी’ला आनंद शंकर यांचे संगीत होते. उदयशंकरांचे चिरंजीव असलेल्या या संगीतकाराने १९७० पासून सतार आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र वाजवण्याचे प्रयोग केले होते. त्यामुळे त्यांची धून पाठलागाची न होता कोड्याची झाली. घाईऐवजी धुके, ट्रम्पेटऐवजी गूढ गुणगुण. दूरदर्शनच्या गुन्हेकथांच्या धुनांत ही सगळ्यांत सुबक म्हणावी लागेल. पोलीस मालिका नसली तरी एल. वैद्यनाथन यांची ‘मालगुडी डेज’ची धून या यादीत वगळता येत नाही, कारण तिचे दिग्दर्शक शंकर नाग हे सीमाभागाच्या दोन्ही भाषांचे. मुंबईत मराठी रंगभूमीवर घडलेल्या शंकर नाग यांनी ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटात भूमिका केली, आणि १९८८ च्या ‘सांग्लियाना’ या कन्नड चित्रपटात ते एच. टी. सांग्लियाना या खऱ्या अधिकाऱ्यावरून घेतलेला पोलीस झाले. कन्नड घरांत पोलिसाची प्रतिमा या चित्रपटाने घडवली आणि तिच्यामागे हंसलेखा यांचे संगीत होते. मराठी घरात शिवाजी साटम आणि कन्नड घरात शंकर नाग, असे बेळगावच्या एकाच गल्लीत दोन आदर्श अधिकारी नांदत होते.

१५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनच्या प्रादेशिक उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या. कन्नडची पुढे चंदना झाली आणि मराठीची २००० मध्ये सह्याद्री. त्याच सुमारास गल्लोगल्ली केबलच्या ताराही आल्या. झी १९९२ पासून होती, उदया १९९४ मध्ये आली, सोनी १९९५ मध्ये, अल्फा मराठी १९९९ मध्ये. उपग्रहाला राज्याची हद्द नाही, पण केबलच्या खोक्याला आहे. कोणती वाहिनी द्यायची, कोणती कितव्या क्रमांकावर ठेवायची हे चालक ठरवतो, आणि सीमाभागात तो निर्णय नुसत्या धंद्याचा राहत नाही. तरीही १९७२ पासून पहिल्यांदाच बेळगावला मराठी टीव्ही अँटेना न वळवता मिळू लागला. तोवर ‘एक शून्य शून्य’चा काळ सरला होता.

त्या मालिकेचा वारसा चालवला हिंदी ‘सीआयडी’ने. बी. पी. सिंग आणि निर्माते प्रदीप उप्पूर यांची ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर सुरू झाली. दिग्दर्शक तेच, प्रमुख नटही तेच. साटम यांचे एसीपी प्रद्युम्न, आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, दयानंद शेट्टी यांचा दया, नरेंद्र गुप्ता यांचे डॉ. साळुंखे आणि दिनेश फडणीस यांचा फ्रेडरिक्स. सुरुवातीच्या भागांत आशुतोष गोवारीकरही इन्स्पेक्टर होते. नावे-चेहरे पाहता ही हिंदी बोलणारी मुंबईची मालिका आहे आणि तिचा पिंड मराठी दूरदर्शनचा आहे. ७ नोव्हेंबर २००४ रोजी तिचा १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही न कापता एका सलग दृश्यात दाखवला गेला. वृत्तछायाचित्रकाराच्या हातचा कॅमेरा म्हणजे काय, ते त्या दिवशी समजले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मालिका थांबली तेव्हा दीड हजाराहून अधिक भाग झाले होते. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

बेळगावात ‘सीआयडी’चे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. कर्नाटकात परभाषेतले चित्रपट आणि मालिका कन्नडमध्ये डब करून दाखवण्यास चित्रपट-व्यवसायाचा कडवा विरोध होता. २०१२ मध्ये आमीर खान यांचा ‘सत्यमेव जयते’सुद्धा कन्नडमध्ये दाखवता आला नाही, आणि २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने या बंदीविरुद्ध निकाल दिला. तोपर्यंत कन्नड मुलाला ‘सीआयडी’ पाहायची तर ती हिंदीतच पाहावी लागे. मराठी मुलालाही ती हिंदीतच होती आणि उर्दू शाळेतल्या मुलाला तर ती जवळचीच. शाळा तीन माध्यमांच्या असल्या तरी सोमवारी मैदानावर दयाच्या दार तोडण्याची नक्कल एकाच भाषेत होत होती. भाषेचा प्रश्न ज्या भागात दुकानाच्या पाटीपर्यंत येतो, तिथे एका पोलीस मालिकेने ही जागा मिळवली, याची नोंद सीमाप्रश्नाच्या ग्रंथांत सहसा दिसत नाही. ती व्हायला हरकत नाही.

या धुनांचा स्थानिक कलांवर काय परिणाम झाला, याचे उत्तर अपेक्षेपेक्षा कमी आहे. लग्नाच्या वरातीतल्या बँडाला शीर्षकधुनेचा उपयोग नाही, कारण ती नाचायला सुरुवात व्हायच्या आत संपते आणि तिला अंतरा नसतो. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक ही ध्वनिमुद्रित संवाद-संगीतावर सजीव देखावे उभे करणारी जुनी परंपरा आहे. तिथेही इतिहासाच्या प्रसंगांना नगारा, तुतारी आणि पोवाड्याचा बाज लागतो. धून गेली ती स्नेहसंमेलनांत, नकलांत आणि २००० नंतर मोबाइलच्या रिंगटोनमध्ये. रिंगटोन हा तिचा नैसर्गिक वारस म्हणायला हरकत नाही. तीही काही सेकंदांची, शब्दांवाचूनची, आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसाला बोलावणारी. फोनचा शंभर क्रमांकही आता मागे पडला असून देशभर आपत्कालीन सेवांसाठी ११२ हा एकच क्रमांक आणला गेला आहे.

नव्या मराठी पोलीस मालिकांत धून पातळ झाली. स्टार प्रवाहवरची ‘लक्ष्य’ २०११ पासून पाचेक वर्षे चालली, पण तोवर वाहिन्यांनी शीर्षकाचा वेळ कापायला सुरुवात केली होती, कारण शीर्षक लागले की प्रेक्षक रिमोट दाबतो अशी भीती. ओटीटीवर तर शीर्षक वगळण्याची कळच दिलेली असते. अर्ध्या मिनिटाच्या रचनेत एखाद्या पात्राचा स्वभाव बसवण्याचे कसब त्यामुळे धंद्यातून उतरणीला लागले. आज जे उरते ते बहुधा कथेखाली वाहणारे पार्श्वसंगीत, आणि ते एका मालिकेतले दुसरीला लावले तरी ओळखू येत नाही.

दूरदर्शनने आपल्या जुन्या संग्रहातले पुष्कळ कार्यक्रम अलीकडे इंटरनेटवर खुले केले आहेत. जुन्या मराठी पोलीस मालिकांपैकी जे काही अजून उपलब्ध आहे, ते प्रसिद्ध करताना त्याबरोबर संगीतकार, संयोजक आणि वादक यांची नावे शोधून छापली पाहिजेत. हे काम सह्याद्री वाहिनीने करावे. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कोणाकडे त्या काळी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून उतरवलेल्या कॅसेट असतील, तर त्या टाकून न देता गावच्या वाचनालयाकडे सोपवाव्यात.